बोटीवरची सिक्युरिटी आणि इन्स्पेक्शनची तयारी: पोरांनी आणि घरच्यांनी मला नेहमी विचारलेले प्रश्न

मी वास्कोचा. डेक कॅडेट म्हणून बोटीवर गेलो तो चीफ ऑफिसर झालो, आणि त्यातली बरीच वर्षं शिप सिक्युरिटी ऑफिसरचं काम माझ्याकडेच होतं. चवथीला घरी असलो की सड्यावरची, बायण्यातली, पेडणे-डिचोलीकडची पोरं येऊन बसतात, कुणी पहिल्यांदाच जॉइन होतोय, कुणाचा भाऊ बोटीवर आहे, कुणाची आई टीव्हीवरच्या बातम्या बघून घाबरलीय, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. लांब झालंय, ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

आयएसपीएस आयएसपीएस म्हणतात ते नेमकं काय?

इंटरनॅशनल शिप अँड पोर्ट फॅसिलिटी सिक्युरिटी कोड. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक संघटनेने, डिसेंबर २००२ मध्ये लंडनला मंजूर केला आणि १ जुलै २००४ पासून लागू झाला, सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चॅप्टर ११-२ खाली. त्याच्या आधी बोटीवर सेफ्टी म्हटलं की आग, पाणी, लाइफबोट एवढंच डोक्यात यायचं. १९८५ मध्ये अकिले लॉरो ही पॅसेंजर बोट पळवली गेली तेव्हा थोडी जाग आली होती, पण खरा धक्का बसला २००१ च्या ११ सप्टेंबरला, आणि मग कोडचं काम चालू असतानाच ऑक्टोबर २००२ मध्ये येमेनजवळ लिम्बर्ग नावाच्या टँकरला स्फोटकं भरलेली छोटी होडी येऊन आदळली. एवढा मोठा क्रूड टँकर, आणि एका होडीने पेटला.

कोडचे दोन भाग आहेत, भाग ए बंधनकारक, भाग बी मार्गदर्शनाचा. पण भाग बी म्हणजे ऐच्छिक असं समजून सोडून देऊ नका, युरोपियन युनियनने २००४ लाच त्यातले बरेच मुद्दे आपल्याकडे बंधनकारक करून टाकलेत.

माझा भाऊ मांडवीत खनिजाच्या बार्जवर आहे, त्याला हे लागू होतं का?

सरळ लागू होत नाही. कोड आहे तो आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या पॅसेंजर बोटींना, ५०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या मालवाहू बोटींना, समुद्रातल्या मोबाइल ड्रिलिंग युनिटना, आणि अशा बोटी जिथे लागतात त्या पोर्ट फॅसिलिटींना. पण भाऊची बार्ज मुरगावच्या अँकरेजमध्ये फॉरेनच्या बोटीला जाऊन लागली की त्या बोटीचे नियम त्याच्यापर्यंत पोचतात. वर चढायचं असेल तर नाव लिहिणार, आयडी बघणार, पिशवी तपासणार. आपल्याकडच्या लोकांना हे कधी कधी अपमानासारखं वाटतं, मी ऐकलंय, "पंचवीस वर्षं बार्ज चालवतो, मला चोर समजतात". चोर समजत नाहीत हो. २६/११ ला मुंबईत घुसलेले लोक कुबेर नावाच्या मासेमारी ट्रॉलरचा वापर करून आले होते, आपल्या ओळखीच्या दिसणाऱ्या ट्रॉलरचा, हे समुद्रावर काम करणारा माणूस विसरत नाही.

एसएसओ, सीएसओ, पीएफएसओ, यात कोण कोण?

एसएसओ बोटीवरचा सिक्युरिटी ऑफिसर, बहुतेक ठिकाणी चीफ ऑफिसर, काही ठिकाणी कॅप्टन स्वतः. सीएसओ कंपनीच्या ऑफिसातला, त्याचा फोन रात्री तीनला पण उचलला गेला पाहिजे. पीएफएसओ बंदराचा. नवीन जॉइन झालेल्या पोराने पहिल्या दिवशी निदान एसएसओ कोण आणि त्याची केबिन कुठली एवढं तरी माहीत करून घ्यावं, कारण इन्स्पेक्टर अगदी हेच विचारतो, आणि ते पण ऑफिसरला नाही, मेसमध्ये भांडी घासणाऱ्या पोराला.

सिक्युरिटी लेव्हल १, २, ३ म्हणजे काय आणि ती ठरवतं कोण?

लेव्हल १ रोजची, कायम चालू असणारी. लेव्हल २ म्हणजे धोका वाढलाय, काही काळ जास्तीचे उपाय करायचे. लेव्हल ३ म्हणजे घटना होण्याची दाट शक्यता आहे किंवा ती समोर येऊन ठेपलीय. बोटीची लेव्हल तिचा फ्लॅग, म्हणजे ती ज्या देशात नोंदलेली आहे तो देश, ठरवतो, बंदराची लेव्हल ज्या देशात ते बंदर आहे तो देश. बंदर २ वर आणि आपण १ वर असलो तर आपण २ वर यायचं, वाद घालायचा नाही. उलट असेल, म्हणजे आपण वर आणि बंदर खाली, तर आपण खाली उतरत नाही, पीएफएसओला कळवून डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी करायचं, कोण काय बघणार ते दोघांनी लिहून सही करायची.

पोरं लेव्हल पाठ करतात पण बोट आत्ता कुठल्या लेव्हलवर आहे ते त्यांना माहीत नसतं. गँगवेजवळ, म्हणजे बोटीवर चढायच्या शिडीजवळ, बोर्ड असतो, जाता येता बघायची सवय ठेवा.

इन्स्पेक्टर आला की सगळ्यात आधी काय बघतो?

गँगवे. सर्टिफिकेट नंतर, फाइल नंतर, आधी गँगवे. तो गाडीतून उतरला की खालूनच बघायला लागतो, वर माणूस उभा आहे का, मोबाइलमध्ये डोकं घालून आहे का, जाळी नीट बांधलीय का, दोरांना उंदीर अडवणारे रॅट गार्ड आहेत का. म्हणजे तो वर येईपर्यंत अर्धं मत झालेलं असतं.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. मी सेकंड ऑफिसर होतो, बल्क कॅरिअर होती, युरोपातलं बंदर, डेकवर वॉच माझा. भरती-ओहोटीचा फरक मोठा, फॉरवर्डचे दोर ढिले पडले होते आणि तिथे एकच माणूस, म्हणून मी गँगवेवरच्या एबीला (डेकवरचा खलाशी) वॉकी-टॉकीवर सांगितलं पाच मिनिटं पुढे ये. तो म्हणाला पण, साब इधर कौन रहेगा, मी म्हटलं पाच मिनिट की तो बात है. तेवढ्यात पोर्ट स्टेटचे, म्हणजे ते बंदर ज्या देशाचं त्या देशाचे, दोन इन्स्पेक्टर वर आले. गँगवेवर कुणी नाही. दार उघडं. आत आले, जिना चढले, आणि कार्गो कंट्रोल रूमच्या बाहेर आमच्या स्ट्यूअर्डला भेटले. त्याने बिचाऱ्याने गुड मॉर्निंग सर म्हणून कॉफी विचारली. आयडी विचारलं नाही, त्याला कुणी तसं शिकवलंच नव्हतं. त्यातल्या एकाने घड्याळ दाखवून कॅप्टनला सांगितलं की आम्ही सात मिनिटं तुमच्या बोटीवर फिरतोय आणि आम्ही कोण हे एकाही माणसाला माहीत नाही. दोन तासांत संपणारं इन्स्पेक्शन रात्री आठपर्यंत चाललं, कारण ॲक्सेस कंट्रोल नाही म्हणजे त्यांना खोलात जायला क्लिअर ग्राउंड, म्हणजे ठोस कारण, मिळालं. कंपनीच्या रिपोर्टमध्ये नाव आलं त्या एबीचं. चूक माझी होती, मी तसं लेखी दिलं, तरी त्याला वॉर्निंग लेटर मिळालंच. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी जॉइन झालो त्या प्रत्येक बोटीवर पहिल्या मीटिंगला एकच सांगतो. आमच्या वास्कोत दामोदराचा सप्ताह असतो, चोवीस तास भजन अखंड चालतं, एक पथक उठायच्या आधी दुसरं येऊन बसलेलं असतं, टाळ थांबू देत नाहीत. गँगवे तसाच. दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही, मग बोलावणारा सेकंड ऑफिसर असो की कॅप्टन.

इन्स्पेक्टरलाच आयडी मागितलं तर तो चिडणार नाही का?

अजिबात नाही, तो त्याचीच वाट बघत असतो. काही जण मुद्दाम कार्ड झटकन दाखवून खिशात घालतात, तुम्ही "सर प्लीज, वन्स अगेन" म्हणता की नाही ते बघायला. कार्ड हातात घ्या, फोटो आणि चेहरा मिळवा, लॉगमध्ये लिहा, ड्युटी ऑफिसरला कळवा, आणि तो येईपर्यंत पाहुण्याला तिथेच थांबवा, नम्रपणे. गावात आपण पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला किंवा मीटर रीडिंगवाल्याला ओळखपत्र विचारत नाही, आपली वाढच उघड्या दारांच्या घरात झालीय, म्हणून आपल्या पोरांना हे जड जातं. दोन-तीनदा मोठ्याने बोलून प्रॅक्टिस करा, जमतं.

व्हिजिटर लॉगबद्दल एक. आत येणाऱ्याची वेळ सगळे लिहितात, बाहेर जाणाऱ्याची वेळ राहून जाते. मी एकदा ऑडिटच्या आधी रजिस्टर उघडलं तर मागच्या बंदरातला शिपचँडलर (बोटीला सामान पुरवणारा), त्याचा हेल्पर आणि दोन टेक्निशियन कागदावर अजून बोटीवरच होते, आणि आम्ही समुद्रात सहा दिवस पुढे आलो होतो. टाइम आउटचा तो रिकामा रकाना इन्स्पेक्टरला पहिल्या मिनिटात दिसतो.

इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फाइल पूर्ण करून ठेवली तर चालत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जीव तोडून द्यावंसं वाटतं. नाही चालत. पकडले जाल हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की खोटी ड्रिल लिहिलेल्या बोटीवर खरा प्रसंग आला की एकालाही कुठे जायचं ते माहीत नसतं.

नियम असा आहे. सिक्युरिटी ड्रिल निदान दर ३ महिन्यांनी. आणि एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त क्रू बदलला आणि त्या नव्या लोकांनी त्या बोटीवर गेल्या ३ महिन्यांत कुठलीच ड्रिल केलेली नसेल, तर बदल झाल्यापासून आठवड्याच्या आत ड्रिल. ही २५ टक्क्यांची गोष्ट बरेच एसएसओ विसरतात. २० जणांच्या क्रूमध्ये ६ जण एकदम उतरले, नवीन ६ आले, सगळे दमलेले, बोट सुटायची घाई, ड्रिल राहिली. इन्स्पेक्टर क्रू लिस्टवरच्या साइन ऑनच्या तारखा आणि ड्रिलच्या तारखा शेजारी शेजारी ठेवतो, दोन मिनिटांचं काम. त्याशिवाय कंपनीसोबतची मोठी एक्सरसाइज, दर कॅलेंडर वर्षात एकदा, आणि दोन एक्सरसाइजमध्ये १८ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.

खोटं कसं कळतं तेही सांगतो. ड्रिलच्या रेकॉर्डवर वीस सह्या, एकाच पेनाने, एकाच दमात. मग तो फिटरला बोलावतो आणि विचारतो मागच्या महिन्यात बॉम्ब थ्रेटची ड्रिल झाली, तू कुठली जागा सर्च केलीस? फिटर कॅप्टनकडे बघतो. संपलं तिथे. आणि खरी ड्रिल झालेली असेल तर तोच फिटर मोडक्या इंग्लिशमध्ये सांगतो प्युरिफायर रूम, माय टॉर्च बॅटरी डाउन, चीफ इंजिनिअर अँग्री. असलं उत्तर ऐकलं की इन्स्पेक्टर पेन खाली ठेवतो, मी बघितलंय.

म्हणून माझी पद्धत अशी की ड्रिलमध्ये काय चुकलं ते पण रेकॉर्डमध्ये लिहायचं. पीए सिस्टीमचा आवाज स्टीअरिंग गिअर रूममध्ये ऐकू आला नाही, अमुक पॅडलॉकची किल्ली सापडली नाही, मेटल डिटेक्टरची बॅटरी गेलेली. खाली काय दुरुस्त केलं आणि कधी ते. काही कॅप्टन घाबरतात, आपणच आपली चूक कशाला लिहायची. पण सगळं "सॅटिस्फॅक्टरी" लिहिलेली बारा पानं कुणाला खरी वाटतील?

शिप सिक्युरिटी प्लॅन मागितला तर दाखवायचा का?

सहसा नाही. एसएसपी गोपनीय आहे आणि पोर्ट स्टेटच्या इन्स्पेक्शनचा तो भागच नाही. बोट नियम पाळत नाही असं मानायला क्लिअर ग्राउंड असेल आणि प्लॅनचा ठरावीक भाग बघितल्याशिवाय खात्री करता येत नसेल, तर फ्लॅगच्या किंवा कॅप्टनच्या संमतीने तेवढाच भाग. त्यातही काही भाग असे आहेत, उदाहरणार्थ रिस्ट्रिक्टेड एरिया कुठले, एसएसएएसची बटणं कुठे, जे फ्लॅगच्या परवानगीशिवाय कुणालाच नाही. नवीन एसएसओ इथे दोन्हीकडून चुकतो, घाबरून पूर्ण प्लॅन टेबलावर ठेवतो, नाहीतर उगाच ताठरपणे ड्रिलचे रेकॉर्ड पण नाही म्हणतो. रेकॉर्ड वेगळे, प्लॅन वेगळा. सर्टिफिकेट, कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्ड (बोटीचं नाव, मालक, फ्लॅग यांच्या इतिहासाची नोंद), मागच्या १० बंदरांची आणि तिथल्या लेव्हलची माहिती, हे मागितलं की लगेच हातात देता आलं पाहिजे.

सर्टिफिकेटचं काय बघायचं?

आयएसएससी, म्हणजे बोटीचं सिक्युरिटी सर्टिफिकेट, जास्तीत जास्त ५ वर्षांचं, मधलं व्हेरिफिकेशन दुसऱ्या आणि तिसऱ्या ॲनिव्हर्सरीच्या दरम्यान. इंटेरिम, म्हणजे तात्पुरतं, असेल तर ६ महिने. तारखा कॅलेंडरवर लिहा.

ते गुप्त बटण असतं म्हणे, ते दाबलं की काय होतं?

शिप सिक्युरिटी अलर्ट सिस्टीम, एसएसएएस. एक बटण ब्रिजवर आणि निदान एक दुसरीकडे. दाबलं की बोटीवर कसलाही आवाज होत नाही, दिवा लागत नाही, आजूबाजूच्या बोटींना पण कळत नाही, फक्त फ्लॅगने ठरवलेल्या ठिकाणी, सहसा त्यात कंपनी पण असते, बोटीची ओळख, जागा आणि सिक्युरिटी धोक्यात आहे एवढा संदेश जातो. आणि कुणी थांबवेपर्यंत जात राहतो.

टेस्ट करायची ती आधी कळवून, संदेशात टेस्ट लिहून, आणि नंतर रेकॉर्ड ठेवून. एका बोटीवर कॅडेटने ब्रिज पुसताना कव्हर उघडलं, आत धूळ होती म्हणून फडकं फिरवलं, आणि पंधरा मिनिटांत कंपनीचा फोन, कोड वर्डमध्ये प्रश्न. उत्तर द्यायला कॅप्टनला तो कोड वर्ड आठवेना. त्या पोराला कुणी ओरडू नये म्हणून मी मध्ये पडलो, कारण त्याच्यामुळे आम्हाला कळलं की आमच्यातल्या फक्त दोघांना कोड वर्ड माहीत आहे.

बोट सुटायच्या आधी सर्च करतात तो इतका सीरियसली का घ्यायचा?

कारण तिथे माणूस असू शकतो. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत स्टोअवे, म्हणजे चोरून बोटीत लपणारे, रडरच्या (सुकाणूच्या) वरच्या पोकळीत, रडर ट्रंकमध्ये, चढून बसतात. बोट हलकी असली की ती जागा पाण्याच्या वर येते, होडीतून रात्री येतात. बोट भर समुद्रात गेली, लाट आली की तिथे जगणं कठीण. आम्ही एकदा सुटायच्या आधी चेन लॉकरकडे, म्हणजे नांगराची साखळी ठेवायच्या खोलीकडे, गेलो तर दारापाशी एक रबरी चप्पल, आपल्या खारीवाड्याच्या जेटीवर दिसते तसली निळ्या पट्ट्याची, आणि पाण्याची अर्धी बाटली. आत दोघे जण निघाले, एक तर सतरा-अठराचा असेल. नांगर टाकताना साखळी सुटली असती तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. त्यांना खायला दिलं, बंदराच्या लोकांच्या ताब्यात दिलं.

सर्च लिस्टवर टिक मारताना ती चप्पल डोळ्यासमोर आणा. हात लावून, दार उघडून, टॉर्च मारून बघितल्याशिवाय सही करायची नाही, आणि बघून झालेली जागा लगेच लॉक करून सील लावायचं, सीलचा नंबर लिहायचा. ड्रग्जचं पण तेच, पाण्याखालच्या सी चेस्टमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायच्या कप्प्यात, सुद्धा पाकिटं लावतात, आणि सापडली की बंदरात क्रूचीच चौकशी होते. अनोळखी माणसाचं पार्सल "फक्त पुढच्या बंदरापर्यंत" न्यायला हो म्हणू नका, कितीही गोड बोलला तरी.

मासेमारीची होडी आणि पायरेट यात फरक कसा ओळखायचा?

गोव्याच्या पोराला हे दुसऱ्यांपेक्षा चांगलं कळायला पाहिजे. जाळं, बोये, बर्फाच्या पेट्या, होडीत बसलेला म्हातारा, हे मासेमाराचं. लहान होडी, दमदार आउटबोर्ड इंजिनं, जाळं नाहीच, आणि आकडे लावलेली लांब शिडी, हे दुसऱ्याचं. शिडी दिसली की शंका ठेवायची नाही. पण मासेमार सुद्धा कधी कधी वेगाने बोटीकडे येतात, आपलं जाळं तुटू नये म्हणून हात हलवत वळवायला सांगतात.

१५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या समुद्रात एन्रिका लेक्सी या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मासेमार गेले. पायरेट समजून. तेव्हा मी बोटीवर होतो आणि मेसमध्ये दोन दिवस कुणी धड जेवलं नाही, अर्ध्या क्रूच्या घरी होड्या होत्या. म्हणून लुकआउट नीट शिका, दुर्बीण नीट वापरा, आधी कोर्स बदला, हॉर्न, सर्चलाइट, फायर होजचं पाणी. ओळखायला जितका जास्त वेळ मिळेल तितकं दोन्हीकडच्यांचं भलं.

सिटाडेल म्हणजे काय? खरंच उपयोग होतो?

होतो. बोटीत आत एक मजबूत जागा, बहुतेक वेळा स्टीअरिंग गिअर रूम किंवा इंजिन रूमचा भाग, जिथे सगळ्यांनी शिरून आतून बंद करायचं. आत पाणी, खाणं, औषधं, टॉयलेटची सोय, आणि बाहेर बोलता येईल असा स्वतंत्र रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन, ज्याची अँटेना बाहेरून कुणी सहज तोडणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या बाजूला लीला नॉरफोक या बोटीवर हत्यारबंद लोक चढले, क्रूने यूकेएमटीओला (बोटींच्या मदतीचं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) संदेश पाठवला आणि सिटाडेलमध्ये गेले. २१ जण होते, त्यातले १५ आपले भारतीय. आयएनएस चेन्नई पोचली, नेव्हीचे मार्कोस कमांडो चढले, सगळे सुखरूप बाहेर.

एकच अट, सगळेच्या सगळे आत पाहिजेत. एक जरी बाहेर राहिला तर कमांडोंना काही करता येत नाही, तो ओलीस. म्हणून मुख्य गोष्ट माणसं मोजण्याची. मी ड्रिलला मुद्दाम एका माणसाला न सांगता लाँड्रीत थांबवायचो, बघायचं की मोजणी करणाऱ्याला तो नाही हे कळतं का. पहिल्यांदा कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा चाळीस सेकंदात कळलं.

कॉम्प्युटर आणि मोबाइलचा सिक्युरिटीशी काय संबंध?

१ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक ऑडिटपासून सायबर रिस्क कंपनीच्या सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीममध्ये असायला पाहिजे. रोजच्या भाषेत, ईसीडीआयएसला, म्हणजे बोटीच्या इलेक्ट्रॉनिक नकाशाला, मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही, पेनड्राइव्ह स्कॅन न करता कुठेच नाही, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवायचा नाही. आणि बोट कुठे आहे, कुठे चाललीय ते इन्स्टाग्रामवर टाकू नका, घरच्यांनी पण टाकू नये. तांबड्या समुद्राच्या बाजूला जाणाऱ्या बोटींसाठी तर हे फारच महत्त्वाचं, नोव्हेंबर २०२३ ला गॅलेक्सी लीडर ही बोट हेलिकॉप्टरने पकडली गेली ते सगळ्यांनी बघितलंय.

जॉइन व्हायच्या आधी कोर्स कुठले?

एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सिक्युरिटी अवेअरनेस सगळ्यांना, आणि गँगवे, गस्त, सर्च असली ड्युटी असणाऱ्यांना एसटीएसडीएसडी हा सिक्युरिटी ड्युटीचा कोर्स. एसएसओ व्हायचं तर त्याचा वेगळा. बोटीवर चढल्यावर फॅमिलिअरायझेशन वेगळं, ते न होता सही करू नका. आणि सर्टिफिकेट विकत देतो म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका.

सिक्युरिटीचं कारण सांगून शोर लीव्ह देत नाहीत, हे बरोबर आहे का?

कोडच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की खलाशांचे हक्क आणि शोर लीव्ह यांचा विचार झाला पाहिजे. तरी काही टर्मिनलवर गेटपर्यंत जायला सुद्धा त्रास देतात, चार महिने समुद्रावर राहिलेल्या माणसाला जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. मला हे पटलेलं नाही आणि पटणार नाही. दमलेला, चिडलेला माणूस गँगवेवर नीट पहारा देत नाही. एसएसओने बंदरात पोचायच्या आधीच पीएफएसओशी बोलून पास आणि गेटपर्यंतच्या गाडीचं ठरवावं, विचारलं की बरेचदा होतं.

काही चूक सापडली तर बोट लगेच अडकते का?

प्रत्येक वेळी नाही. छोटी गोष्ट असेल आणि इन्स्पेक्टर असतानाच नीट केली तर तसं लिहितात. काही गोष्टी सुटायच्या आधी पूर्ण करायला सांगतात. सिक्युरिटीत गंभीर काही असेल तर उशीर, डिटेन्शन, काम बंद करणं, बंदराबाहेर काढणं, इथपर्यंत अधिकार त्या देशाला आहेत. चूक दाखवली की वाद घालू नका, आणि खोटं तर बोलूच नका. "येस सर, वी विल करेक्ट इट नाऊ" आणि खरंच त्याच वेळी माणूस पाठवा.

गोव्यात इन्स्पेक्शन कोण करतं?

भारतात डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या हाताखालच्या मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटचे सर्व्हेयर, मुरगावला पण त्यांचं ऑफिस आहे. बंदराच्या गेटवर सीआयएसएफ. आणि आपल्या लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे इंडियन ओशन एमओयू, हिंदी महासागरातल्या देशांचा पोर्ट स्टेट कंट्रोलचा जो करार १ एप्रिल १९९९ पासून चालू आहे, त्याचं सेक्रेटेरिएट आपल्या गोव्यातच आहे. मला याचा अभिमान वाटतो.

मुलाची बोट पायरेट्सनी पकडली तर त्याचा पगार थांबतो का? घरच्यांनी काय करून ठेवायचं?

नाही थांबत. एमएलसी कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, २०१८ ला बदल झाला आणि २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ओलीस असेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट चालू राहतं, मधे त्याची मुदत संपली तरी, आणि पगार घरी येत राहतो. हे कॉन्ट्रॅक्टवर सही करताना विचारून घ्या.

आयांनो, बायकांनो, एवढं करा. मुलगा किंवा नवरा निघायच्या आधी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: बोटीचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर, कंपनीचं नाव, कंपनीच्या सीएसओचा फोन (एजंटचा नव्हे), आणि मुलाचा किंवा नवऱ्याचा इंडोस नंबर, म्हणजे भारतीय खलाशाचा नोंदणी नंबर. कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स त्याच पाकिटात. बोटीचं नाव बदलतं, मालक बदलतो, पण आयएमओ नंबर तोच राहतो, म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा. पाकीट देवघराच्या खणात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून दुसऱ्या एका माणसाला पण पाठवून ठेवा. त्याने बोट बदलली की कागद पण बदला, माझ्या आईकडे एकदा आठ महिने जुन्या बोटीचा नंबर होता.